पाठमोरा कान

संगणकातलं नवं वाद्य हाती आलं की माझे पुण्यातले दोस्त आधी त्यातले तयार आवाज एकामागून एक वाजवून बघतात आणि "काय भारी आहे रे" असं ग्रुपवर टाकून मोकळे होतात. मी तयार आवाजांना हात लावत नाही. तयार आवाज म्हणजे मुलगी बघायला गेल्यावर मिळणारे पोहे. त्या दिवशी ते बिघडत नसतात. त्या घरचं जेवण कळायचं तर चार दिवस मुक्काम करावा लागतो.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी कीबोर्ड घेतला की आवाज त्याच्या पोटातच असायचे. आता आवाज वेगळे मिळतात. सॉफ्टवेअर संगणकात बसवायचं, समोर एक साधा कीबोर्ड जोडायचा, आणि पडद्यावर सनई निवडली की सनई, सतार निवडली की सतार. माजलगावात धान्याच्या मोंढ्यामागं एका दुकानाच्या माडीवर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, खिडकीला दुहेरी पडदा. पुण्याच्या एका दोस्तामुळं परदेशातल्या एका लहानशा कंपनीशी ओळख झाली आणि बाजारात आणण्याआधी त्यांची वाद्यं माझ्याकडं तपासायला येऊ लागली. मी खोट काढायची, त्यांनी ती दुरुस्त करायची. खोट काढण्यात मी लहानपणापासून पटाईत आहे, असं घरचे म्हणतात.

माझी पद्धत ठरलेली आहे. कपात चहा ओततो, खालचा सा दाबतो, सूर धरून ठेवणाऱ्या पेडलवर पाय ठेवतो आणि चहा पिऊन होईपर्यंत पाय उचलत नाही. भपकेबाज आवाज पहिल्या दोन घोटांत छान वाटतो, अर्ध्या कपापर्यंत डोक्यात जातो. मग एकच सूर पटापट दहा वेळा वाजवतो. माणसाला एकच सूर दहा वेळा अगदी सारखा वाजवता येत नाही, यंत्राला येतो, आणि तिथंच ते पकडलं जातं. मग मींड. मग माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर चार-पाच वाद्यं एकदम लावून बघतो की कितव्याला आवाज फाटतो. शेवटी तो आवाज एका बेकार स्पीकरवर ऐकतो, कारण आमच्याकडं माझं गाणं कोणी भारी हेडफोनवर ऐकत नाही. ते उसाच्या ट्रॅक्टरवर वाजतं, ट्रॉलीच्या खडखडाटात. तिथं जो आवाज उरतो तो खरा.

कंपनी तपासणीनंतर एक फॉर्म पाठवते. त्यात एक रकाना असतो: आवाजाच्या खरेपणाला दहापैकी किती? मी एकदा लिहिलं होतं, "मांडवात सात, वरातीत तीन." त्यांनी उलट विचारलं, वरात म्हणजे काय. मी पानभर उत्तर लिहिलं. मग त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

पण माझी शेवटची परीक्षा त्या फॉर्ममध्ये बसत नाही. ती माझी नव्हेच. ती आमच्या बँडच्या मास्तरांची.

मी विशी ओलांडली तेव्हा माजलगावच्या एका बँड पार्टीत होतो. साखर कारखान्यांचं गाळप संपलं, ऊसतोडीला गेलेली माणसं गावाकडं परतली, की उन्हाळ्यात लग्नांची झुंबड उडायची आणि आमचा हंगाम सुरू व्हायचा. आज कडा, उद्या घाटनांदूर, परवा धरणाखालची कुठलीतरी वस्ती. मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. काळी, लांब, चांदीसारख्या चाव्यांची ती नळी त्यांच्या तोंडाला लागली की ढोल-ताशेवालेही हात आवरता घ्यायचे. उंचीनं बेताचे, मिशा जाड, लाल कोटाची सगळी बटणं मे महिन्यातही लावलेली. बोलणं कमी आणि जे बोलतील ते टोचणारं.

बँडमध्ये कोणीही नवं वाद्य आणलं की ते आधी कालव्यावर न्यायचं, असा रिवाज होता. मास्तर कालव्याच्या भरावावरून शंभर पावलं चालत जायचे आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहायचे. हात मागं बांधलेले. वाजवणाऱ्यानं वाजवायचं. आवाज खोटा वाटला तिथं मास्तरांचा उजवा हात वर जायचा. तोंडातून शब्द नाही. शेवटपर्यंत हात वर गेला नाही तर वाद्य पास. त्या हाताची दहशत काय सांगू! झगमगीत नवा ट्रम्पेट घेऊन आलेला एक गडी पहिल्याच सुराला वर गेलेला हात बघून तिथंच मटकन खाली बसला होता.

"तोंड इकडं करून ऐकलं तर काय बिघडतं मास्तर?" मी एकदा विचारलं.

"डोळ्याला दिसलं की कान आळशी होतो बे," ते म्हणाले. "पितळ चमकायला लागलं की सूर बी चमकतो आसं वाटतं. आन् दुसरं सांगतो. आपला खरा ऐकणारा मांडवात नसतो. मांडवातले जेवायला आलेत. खरी ऐकणारी चुलीपाशी आसती. नवरीची माय, मावशी. तिला आपण दिसत न्हाई, आपला कोट दिसत न्हाई. तिला निस्ता आवाज जातो. तिला रडू आलं तर आपण वाजवलं."

मी बँडमध्ये आलो तो कीबोर्ड घेऊन. माझ्या कीबोर्डाचीही कालव्यावर परीक्षा झाली. ऑर्गन झाला, व्हायोलिन झालं, हात मागंच राहिला. मग मी उत्साहाच्या भरात क्लॅरिनेटचं बटण दाबलं. पहिला सूर पुरता निघालाही नव्हता आणि हात वर. मास्तर शंभर पावलं चालत परत आले, कीबोर्डाकडं खालून वरून बघितलं आणि म्हणाले, "डबा चांगला हाय तुझा. फकस्त माझं बटण दाबू नको."

मी कबूल झालो. आणि तीन वर्षांनी ते बटण दाबलं. मास्तरांना ताप होता, घाटनांदूरला लग्न होतं, आणि पाठवणीची वेळ आली. पाठवणीची चाल मास्तरांची स्वतःची, त्यांनी बसवलेली, आमच्या भागात दुसरं कोणी ती वाजवत नव्हतं. ती मला बोटांत पाठ होती. मी बटण दाबलं आणि वाजवली. कोणाला काही कळलं नाही. नवरी रडली, वऱ्हाड गाडीत बसलं, बँडच्या मालकानं पाठ थोपटली. मला तेव्हा आनंद झाला होता. तो आनंद आठवला की आजही मान खाली जाते.

मास्तरांना कोणीतरी सांगितलंच. त्यानंतर पाठवणी वाजवताना ते माझ्याकडं तोंड करून उभे राहायचे, एवढंच.

पुढं डीजे आला आणि बँड मोडला. कोणी कारखान्यात लागलं, कोणी रिक्षा घेतली. मी माडीवरची खोली घेतली. भक्तिगीतं, निवडणुकीची गाणी, वाढदिवसाची गाणी, जे येईल ते रेकॉर्ड करू लागलो. आणि खोली घेतल्यावर पहिलं काम कोणतं केलं असेल तर मास्तरांना बोलावलं. म्हटलं, पाठवणीची चाल टिपून ठेवू.

ते लाल कोट घालून आले. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद, गाद्यांची खोली, घामाच्या धारा. मी म्हटलं, "मास्तर, कोट काढा की. इथं कोण बघतंय?" तर म्हणाले, "कोट काढला की दम पुरत न्हाई." त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात सलग वाजवलं. चार मिनिटांची चाल. मी त्यानंतर कितीतरी मोठे वादक रेकॉर्ड केले असतील, पण तसं अंगावर येणारं काही माझ्या खोलीत पुन्हा वाजलं नाही. मी ऐकवायला लागलो तर ते उठले. "मला नको ऐकवू. सोताचं ऐकलं की माणूस बिघडतो." आणि खाली उतरून गेले.

आता माझी करणी सांगतो. तेव्हा मला आवाज साफ करायचं एक सॉफ्टवेअर नवंनवं मिळालं होतं, आणि नव्याची नवलाई म्हणतात तशातली माझी गत होती, नको तितका उत्साह. रेकॉर्डिंगमध्ये मास्तरांचे श्वास ऐकू येत होते. प्रत्येक ओळीआधी भरून घेतलेला श्वास, घशात किंचित घरघर, चाव्यांची टकटक, खुर्चीची करकर. मला ती घाण वाटली. मी तीन दिवस बसून एकेक श्वास कापला. टकटक पुसली. काचेसारखं साफ करून ठेवलं आणि स्वतःवरच खूश झालो. मग हार्डडिस्क भरली म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. कोणी सांगितलं नव्हतं, घाई नव्हती, उगीच. मूर्खपणाला कारण लागत नाही.

बारा-तेरा वर्षं ती साफ फाइल माझ्याकडं पडून होती. मास्तरांनी कधी मागितली नाही. ते घरी वाजवत होते, कालव्यावर वाजवत होते, मग फाइलची कोणाला पडली होती?

मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढं फुंकायचं बंद. एकदाही नाही. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, दवाखान्यातून आल्या आल्या क्लॅरिनेटची पेटी कपाटात घातली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. ती किल्ली आंघोळीलासुद्धा तिथंच असते, असं मास्तर सांगायचे. सांगताना हसायचे. मी त्यांच्याकडं गेलो की ते खुर्चीत बसलेले असायचे आणि मांडीवर बोटं चालू असायची. कोणती चाल आहे ते मला बोटांवरून कळायचं. मला बघवायचं नाही.

त्याच सुमाराला त्या कंपनीचं नवं वाद्य आलं: क्लॅरिनेट. मी चहाचा कप घेऊन बसलो. कप संपला, आवाज डोक्यात गेला नाही. एकच सूर दहा वेळा वाजवला, दहाही वेगळे. मींड लोण्यासारखी. ट्रॅक्टरच्या स्पीकरवरही टिकलं. फार दिवसांनी मी स्वतःशीच "वा" म्हणालो. आणि मनात आलं, याची पाठमोरी परीक्षा घ्यायला जगात एकच कान उरलाय. खरं सांगायचं तर मला परीक्षा घ्यायची नव्हती. मास्तरांचा सूर त्यांना परत द्यायचा होता. त्या बटणाची भरपाई करायची होती.

लॅपटॉप आणि एक लहान स्पीकर घेऊन सकाळी त्यांच्या घरी गेलो. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, पुढच्या खोलीचं दार कालव्याच्या रस्त्याकडं, मागच्या खोलीत चूल. काकू आत भाकरी थापत होत्या. "चहा घेऊन बस, भाकर खाऊनच जायचं," त्या आतूनच म्हणाल्या. मास्तरांना मी काय आणलंय ते सांगितलं. त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी खुर्ची उचलून दाराकडं फिरवली, माझ्याकडं पाठ केली, हात मांडीवर ठेवले. "वाजव बे."

मी तीन गोष्टी वाजवायच्या ठरवल्या होत्या. आधी जुन्या कीबोर्डाचं क्लॅरिनेट. हात लगेच वर. "हे वळखीचं हाय," ते म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो. मग नवं सॉफ्टवेअर, पाठवणीची चाल. दोन ओळी हात खाली राहिला. तिसरीला वर गेला, पण सावकाश. "लई चांगलं हाय. लाकूड हाय ह्यात. पण माणूस न्हाई."

तिसरी म्हणजे त्यांचीच फाइल. तिच्याबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, पहिल्या सुरालाच ओळखतील, मागं वळतील, काहीतरी बोलतील. मी ती लावली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो पहिल्यापासून होता तसाच चालू राहिला. पहिली ओळ झाली, दुसरी सुरू झाली. आणि मास्तरांचा उजवा हात वर गेला.

मी थांबवलं.

"चाल हुबेहूब वाजवलीस," ते तसेच दाराकडं बघत म्हणाले. "माझ्यासारख्या जागा घेतल्यास. बोट बसलंय तुझं. पण यंत्र हाय बे. ही वळ सरली, म्होरली सुरू झाली, मधी कोणी जितं हाय का न्हाई?"

थाप मारायची सोय होती. हो, सॉफ्टवेअरच आहे, म्हटलं असतं तर भागलं असतं. पण त्या माणसाशी एकदा लबाडी करून झाली होती. मी सगळं सांगितलं. ही तुमचीच फाइल, तुम्हीच वाजवलेली, कोट घालून. श्वास मी काढले. मूळ फाइल पुसली. दुसरी प्रत नाही.

मास्तरांनी खुर्ची न फिरवता मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मग मी कुठं गेलतो बे?" ते म्हणाले.

भाकरी मी ताटातच कुसकरत बसलो. काकू म्हणाल्या, "कावून जेवंना झालाय हा?" मास्तर म्हणाले, "त्याचं पोट बिघडलंय."

त्यानंतरचे आठ दिवस मी नुसता धडपडत होतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये श्वासाचंही एक बटण होतं, कुठल्यातरी परक्या वादकाचे श्वास टिपलेले. ते मी मास्तरांच्या फाइलमध्ये ठिकठिकाणी बसवले आणि पुन्हा त्यांच्याकडं गेलो. पुन्हा पाठ, पुन्हा हात. "हे कोण धापा टाकायलंय माझ्या गाण्यात? हाकल त्याला." मी लॅपटॉप बंद केला. मास्तर थोडा वेळ मांडीवर बोटं चालवत बसले. मग पुढं वाकून, आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "डाक्टरनं फुकू नका म्हणलंय. श्वास घेऊ नका म्हणलंय का?"

दोन दिवसांनी ते माडीचा जिना एकेक पायरी थांबत चढले. अंगात लाल कोट. तो आता खांद्यावरून ओघळत होता. काकूंना लग्नाला जातो म्हणून सांगितलं होतं. मी त्यांना माइकपुढं बसवलं, कानाला हेडफोन लावले, पंखा बंद केला आणि त्यांची ती बिनश्वासाची फाइल सुरू केली.

त्यांनी दोन्ही हात वर घेतले. मोकळ्या हवेत बोटं नळीवर बसतात तशी बसली. डोळे मिटले, आणि ओळ सुरू व्हायच्या किंचित आधी त्यांनी श्वास भरून घेतला. तो आवाज मी ओळखला. तीन दिवस बसून मी तोच कापला होता. ओळभर ते बोटं चालवत राहिले, हवा हळूच नाकानं सोडली, आणि पुढच्या जागी पुन्हा श्वास. कुठं लांब, कुठं चोरून घेतलेला अर्धाच. एकही जागा चुकली नाही. मधल्या एका ठिकाणी श्वास अडकला, खांदे वर राहिले, मी घाबरून थांबवायला गेलो. डोळे न उघडता त्यांनी हात हलवला, चालू ठेव. चाल संपली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि मी गादीच्या भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होतो.

"रडायला काय झालं? वाजवलं का मी?" ते म्हणाले.

श्वास जुळवायला मला एक आठवडा लागला. यावेळी काही साफ केलं नाही. एका श्वासामागं कोटाचं बटण माइकच्या दांडीला लागल्याचा बारीक आवाज होता, तोही राहू दिला. फार मोठे श्वास ठेवले की दम्याचा पेशंट वाटायचा, फार लहान केले की पुन्हा यंत्र. बेकार स्पीकरवर ऐकून ऐकून मधली जागा सापडली. या वेळचे श्वास बारा-तेरा वर्षांनी म्हातारे होते आणि सूर तेव्हाचे, पण ते एकाच माणसाचे होते. मला तरी सांधा दिसत नव्हता. पण मला दिसतो की नाही याला अर्थ नव्हता.

पुन्हा त्यांच्या घरी. तीच सकाळची वेळ, तोच लहान स्पीकर, आत चुलीवर तवा. मास्तरांनी खुर्ची दाराकडं फिरवली. मी आधी कंपनीनं सुधारून पाठवलेलं क्लॅरिनेट वाजवलं, माझा हात बसावा म्हणून. खरं म्हणजे माझा धीर होत नव्हता. मास्तरांनी हात अर्ध्यावर आणून खाली घेतला. "हे बी सुधारायलंय. येईल एक दिस." आतून भाकरीची थाप थाप चालू होती.

मग मी ती फाइल लावली.

पहिला श्वास. पहिली ओळ. मी मास्तरांच्या उजव्या हाताकडं बघत होतो, दुसरीकडं बघायची छाती नव्हती. दुसरा श्वास. हात मांडीवरच होता. तिसरी ओळ सुरू झाली तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, काय ते क्षणभर कळेना. आत भाकरीची थाप थांबली होती.

"आवं!" काकूंचा आवाज आला, आणि आवाजापाठोपाठ त्याच आल्या. "आवं, कावून वाजवायलेत तुमी? डाक्टरनं न्हाई म्हणलं ना? मरायचं हाय का?"

दारात येऊन त्या थबकल्या. मास्तर खुर्चीत बसलेले, पाठमोरे, दोन्ही हात मांडीवर, रिकामे. तोंडाला काही नाही. चाल चालू होती. काकूंचा पिठानं भरलेला हात कमरेकडं गेला आणि चाचपडत राहिला. किल्ली जागेवर होती.

त्यांनी स्पीकरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग मास्तरांच्या पाठीकडं. चाल संपली. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येऊ लागला, म्हणून मी उठायला लागलो.

"करपू दे," काकू म्हणाल्या आणि उंबऱ्यावरच खाली बसल्या. "परत लाव."

मी परत लावली.